सुटा पांढरा खडा सापडला तर: तो नेमका काय आहे आणि त्याची किंमत ठरते कशी

जुन्या डबीत, ड्रॉवरच्या कोपऱ्यात, कुठल्यातरी मोडलेल्या अंगठीतून निसटलेला असा एखादा पाण्यासारखा स्वच्छ खडा सापडतो, उजेडात धरला की लखलखतो, आणि लगेच प्रश्न येतो की याचे किती येतील. प्रश्न साहजिक आहे, पण तो दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न हा की खडा मुळात आहे कशाचा. कारण बिनरंगी, पारदर्शक, पैलू पाडलेले खडे डझनभर तरी वेगवेगळ्या पदार्थांचे निघतात, आणि त्यातल्या सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात महाग खड्यात नुसत्या डोळ्यांना दिसणारा फरक इतका कमी असतो की रोज खडे हाताळणारा माणूससुद्धा फक्त बघून छातीठोक सांगत नाही. आणि मोबाईलवरच्या फोटोवरून तर कोणीच सांगू शकत नाही, कितीही झूम केलं तरी.

मग असू काय काय शकतं? खाणीतला हिरा, लॅबमध्ये बनवलेला हिरा, मॉइसनाइट, क्युबिक झिरकोनिया म्हणजे ज्याला आपण अमेरिकन डायमंड किंवा सीझेड म्हणतो ते, झिरकॉन, पांढरा नीलम म्हणजे सफायर, पांढरा टोपाझ, स्फटिक म्हणजे क्वार्ट्झ, बिनरंगी बेरिल, सिंथेटिक स्पिनेल, आणि साधी काच. अजूनही आहेत, पण दहातल्या नऊ वेळा उत्तर या यादीतच असतं. यात झिरकॉन आणि झिरकोनिया ही जोडी लोकांना फार गोंधळात टाकते. झिरकॉन हे जमिनीतून निघणारं खरं खनिज आहे, पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या जॅक हिल्समध्ये सापडलेले झिरकॉनचे कण तर सुमारे ४४० कोटी वर्षं जुने आहेत, पृथ्वीवर तयार झालेलं त्याहून जुनं खनिज अजून सापडलेलं नाही. झिरकोनिया मात्र भट्टीत बनतं. नाव सारखं, बाकी काही नाही.

नावांवर तर अजिबात विसंबू नका. हर्किमर डायमंड नावाने विकला जातो तो न्यूयॉर्क राज्यातल्या हर्किमर भागातला स्फटिक असतो, मतुरा डायमंड म्हणजे श्रीलंकेतल्या मातारा भागातला झिरकॉन. आणि फसवणूक असलीच पाहिजे असंही नाही, कधीकधी खरंच कोणाला माहीत नसतं. पोर्तुगालच्या राजघराण्याकडे ब्रगांझा नावाचा १६८० कॅरेटचा हिरा असल्याची मोठी ख्याती होती, आज तो बहुधा बिनरंगी टोपाझ असावा असंच मानलं जातं. राजाच्या खजिन्यात असं होऊ शकतं तर डबीतल्या खड्याबद्दल आधीच ठाम मत करून ठेवण्यात अर्थ नाही.

एक गोष्ट सुरुवातीलाच डोक्यात बसली पाहिजे असं मला वाटतं, कारण पुढे किंमतीचं सगळं गणित तिच्यावर उभं आहे. बाकी जवळपास सगळ्या रत्नांमध्ये पैसा रंगाचा असतो. बेरिल हिरवं गडद असेल तर तो पन्ना, निळसर असेल तर अक्वामरीन, आणि रंगच नसेल तर त्याला गोशेनाइट म्हणतात, जे खूप लोकांनी ऐकलेलंही नसतं. कोरंडम लाल असेल तर माणिक, निळा असेल तर नीलम, बिनरंगी असेल तर त्याच खनिजाची किंमत एकदम खाली येते. रंग नसणं हा गुण फक्त हिऱ्यात आहे (ठसठशीत गुलाबी, निळे, पिवळे हिरे सोडून, ती दुनियाच वेगळी). म्हणजे तुमचा बिनरंगी खडा हिरा नसेल तर तो फार महाग असण्याची शक्यता कमीच, आणि हिरा असेल तर तो खाणीतला की लॅबमधला यावर पुन्हा मोठा फाटा फुटतो. म्हणून ओळख आधी.

सुरुवात धुण्यापासून करा. कोमट पाणी, थोडा भांडी घासायचा लिक्विड साबण, मऊ ब्रश, आणि हे सगळं एखाद्या वाटीत, बेसिनवर नको, भोकातून गेला की गेला. हिऱ्याला तेलकटपणा चटकन चिकटतो, बोटांचे ठसे असले तरी तो मंद दिसतो, त्यामुळे न धुता केलेली कुठलीही पारख वाया जाते. पुसायला मऊ कापड, धरायला चिमटा, खाली पांढरा कागद.

आता दहापट मोठं दाखवणारी लूप, म्हणजे जवाहिऱ्यांचं छोटं भिंग, घ्या, महाग नसते. लूप डोळ्याला चिकटवायची आणि खडा लूपकडे आणायचा, उलटं नाही, आणि बघताना आधी खड्याच्या आत घुसू नका, पैलूंच्या कडा बघा. हिरा सगळ्यात कठीण, मोह्सच्या मोजपट्टीवर १०, त्यामुळे दोन पैलू जिथे मिळतात ती धार सुरीसारखी तीक्ष्ण दिसते आणि वर्षानुवर्षं वापरूनही बहुतेक तशीच राहते. सीझेडची कठीणता ८ ते ८.५, कडा किंचित गोलसर वाटतात. काच ५ ते ६, जुनी काच असेल तर कडा झिजलेल्या, वरचा सपाट पैलू ज्याला टेबल म्हणतात तो बारीक ओरखड्यांनी भरलेला. झिरकॉन ठिसूळ असतो, त्याच्या कडांचे बारीक टवके उडालेले असतात. मग आतमध्ये बघा. गोल बुडबुडे किंवा पाकासारख्या वळणदार रेषा दिसल्या तर बहुतेक काच, पण सिंथेटिक नीलममध्येही बुडबुडे असू शकतात. सीझेड बहुतेक वेळा आतून स्वच्छ, इतका स्वच्छ की तेच संशयाचं कारण. खाणीतल्या हिऱ्यात बारीक ठिपके, दुसऱ्या खनिजाचे इवलेसे कण, पिसासारखी भेग असं काहीतरी बऱ्याचदा सापडतं, आणि कमरेच्या कडेवर, ज्याला गर्डल म्हणतात, क्वचित मूळ कच्च्या हिऱ्याच्या त्वचेचा तुकडा राहिलेला असतो, त्यावर बारीक त्रिकोणी खळगे दिसले तर जीव सुखावतो, कारण अशी खूण बाकीच्या खड्यांवर दिसत नाही. कारागिराने वजन वाचवायला तो तुकडा तसाच सोडलेला असतो.

लूपमधूनच अजून एक गोष्ट जमते, दुहेरी रेषा. खडा जरासा तिरका करून वरच्या तिरक्या पैलूतून पलीकडच्या कडा बघायच्या. हिऱ्यात एक कड एकच दिसते. मॉइसनाइट आणि झिरकॉनमध्ये तीच कड दोन-दोन दिसते, जणू डोळ्यांसमोर धुकं आलंय, कारण हे दोन्ही पदार्थ प्रकाशाचा किरण आत गेल्यावर दोन किरणांत फोडतात. सरळ टेबलमधून बघितलं तर मॉइसनाइटमध्ये हे दिसत नाही, कारण कापताना मुद्दाम तशी दिशा निवडलेली असते. तिरकंच बघायचं. ही एक पाहणी नीट जमली तर मॉइसनाइट हिरा म्हणून गळ्यात पडणार नाही. मॉइसनाइटचं नाव तसं एका शास्त्रज्ञावरून आहे, फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आंरी मोआसाँ यांना १८९३ मध्ये ॲरिझोनातल्या उल्कापाषाणात सिलिकॉन कार्बाइडचे, म्हणजे मॉइसनाइटचेच, कण सापडले होते. दागिन्यात येतं ते मात्र सगळं मानवनिर्मित, १९९० च्या दशकाच्या शेवटापासून बाजारात आहे.

चमकीबद्दल बोलायचं तर लोक म्हणतात जास्त चमकतो तो हिरा. नाही. रंगीत ठिणग्या, म्हणजे पांढऱ्या उजेडाचे फुटून निघालेले लाल-निळे-हिरवे कण, हे मोजता येतं आणि त्यात हिऱ्याचा आकडा ०.०४४ आहे, सीझेडचा ०.०६ च्या आसपास, मॉइसनाइटचा ०.१०४. म्हणजे डिस्कोच्या दिव्यांसारखा रंगीबेरंगी लखलखाट होत असेल तर संशय उलट वाढायला हवा. हिऱ्याचं तेज जास्त करून पांढरं, काळ्या-पांढऱ्या तुकड्यांच्या खेळासारखं, मधून मधून रंग. आणि पांढरा नीलम, टोपाझ, स्फटिक यांची चमक याच्या शेजारी ठेवली तर पाणचट वाटते, कारण ते प्रकाश कमी वाकवतात. हा वाकवण्याचा आकडा, म्हणजे अपवर्तनांक, हिऱ्याचा २.४२, सीझेडचा २.१५ च्या वर, नीलमचा १.७६, टोपाझचा १.६१ च्या आसपास, स्फटिकाचा १.५४. खडा छापील ओळीवर टेबल खाली करून ठेवला आणि मागून अक्षरं दिसली तर तो कमी आकड्यांच्या बाजूचा. पण सीझेड आणि मॉइसनाइटमधूनही अक्षरं सहसा दिसत नाहीत आणि वाईट कापलेल्या हिऱ्यातून दिसू शकतात, म्हणजे या टेस्टने काच-स्फटिक बाजूला काढता येतात, हिरा सिद्ध होत नाही.

आता मला सगळ्यात आवडणारी पद्धत, आणि आश्चर्य वाटतं की घरी खडा तपासणारे लोक हिच्याकडे वळतच नाहीत. वजन आणि माप. चमक फसवते, वजन फसवत नाही. गोल ब्रिलियंट कटच्या, म्हणजे अंगठीत नेहमी दिसतो त्या गोल, भरपूर पैलूंच्या हिऱ्याचं वजन मापावरून काढायचं एक सूत्र जुनंच आहे: व्यास गुणिले व्यास गुणिले उंची गुणिले ०.००६१, मापं मिलिमीटरमध्ये, उत्तर कॅरेटमध्ये. एक कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम. समजा तुमचा खडा गोल आहे, व्यास ८ मिमी, उंची ४.९ मिमी. ८ गुणिले ८ म्हणजे ६४, गुणिले ४.९ म्हणजे ३१३.६, गुणिले ०.००६१ म्हणजे साधारण १.९१. म्हणजे हा खडा हिरा असेल तर त्याचं वजन १.९ कॅरेटच्या आसपास भरायला हवं. आता काट्यावर ठेवा. ३.१५ कॅरेट भरलं? मग तो हिरा नाही, विषय संपला, इतका जड म्हणजे सीझेड. १.७५ भरलं तर मॉइसनाइटकडे बोट जातं. १.४४ भरलं तर स्फटिक, किंवा त्याच घनतेची काच. हे कसं होतं तर प्रत्येक पदार्थाची घनता ठरलेली आहे, हिरा ३.५२, मॉइसनाइट ३.२२, सीझेड ५.६ ते ६, झिरकॉन ४.६ ते ४.७, नीलम ४, सिंथेटिक स्पिनेल ३.६४, स्फटिक २.६५. प्रत्यक्ष वजन भागिले सूत्रातलं वजन गुणिले ३.५२ केलं की तुमच्या खड्याची अंदाजे घनता हातात येते. ३.१५ भागिले १.९१ गुणिले ३.५२, बघा, ५.८.

यात दोन अडचणी आहेत. सूत्र फक्त गोल ब्रिलियंट कटला लागू होतं, आणि गर्डल जाड असेल किंवा कट बेढब असेल तर काही टक्के इकडे-तिकडे होतं, त्यामुळे हिरा आणि स्पिनेल असं जवळजवळचं भांडण यातून सुटत नाही. दुसरी अडचण जास्त मजेशीर आहे. टोपाझची घनता ३.५३ ते ३.५६. म्हणजे जवळजवळ हिऱ्याइतकीच! आपला ८ मिमीचा खडा १.९२ कॅरेट भरला तर तो हिरा असू शकतो किंवा टोपाझ. तिथे वजन गप्प बसतं आणि बाकीच्या खुणा बोलायला लागतात.

आकार गोल नसेल, किंवा खडा मोठा असेल, तर पाण्यातली पद्धत वापरा. काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवायचा, काटा शून्यावर आणायचा, मग खडा बारीक दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडवायचा पण तळाला किंवा बाजूला टेकू द्यायचा नाही, हातात लोंबकळत धरायचा. काट्यावर जो आकडा येईल तो खड्याने बाजूला सारलेल्या पाण्याचा. खड्याचं कोरडं वजन भागिले हा आकडा, झाली घनता. ३ ग्रॅमचा खडा, म्हणजे १५ कॅरेट, आणि काटा १.१३ दाखवतोय तर २.६५, स्फटिक. ०.७५ दाखवला तर ४, नीलम. ०.५२ दाखवला तर सीझेड. दोन दशांश स्थळांच्या खिशातल्या काट्यावर हे मोठ्या खड्यांनाच जमतं, एका कॅरेटचा हिरा जेमतेम ०.०६ ग्रॅम पाणी सारतो, तिथे काट्याची चूक आकड्याइतकीच मोठी होऊन बसते. छोट्या खड्याला तीन दशांश स्थळांचा काटा हवा. आणि खड्याला चिकटलेला हवेचा बुडबुडा झटकून काढा, त्याने आकडा बिघडतो.

अजून एक घरगुती गोष्ट, कॉम्प्युटरची एलसीडी स्क्रीन आणि पोलराइज्ड गॉगल. स्क्रीनवर कोरं पांढरं पान उघडा, गॉगलची काच समोर धरून फिरवत जा, एका कोनात स्क्रीन काळीकुट्ट दिसेल, तिथे थांबा. आता खडा पाण्याच्या छोट्या काचेच्या वाटीत ठेवून स्क्रीन आणि गॉगलच्या मध्ये धरा आणि हळूहळू गोल फिरवा. स्फटिक, टोपाझ, नीलम असेल तर एका पूर्ण फेरीत चार वेळा उजळेल आणि चार वेळा विझेल. काच, सीझेड, हिरा काळोखातच राहतील, फार तर आतल्या ताणामुळे अस्पष्ट ढगासारखे पट्टे दिसतील. एका दिशेने काही झालं नाही तर खडा वळवून दोन-तीन दिशांनी करून बघा, कारण दुहेरी किरणवाल्या खड्यालाही एखादी अशी दिशा असते जिथून तो एकेरी वागतो. आपला तो हिरा की टोपाझ हा पेच इथे सुटतो. तयार हात लागतो जरा, सुरुवातीला ओळखीच्या खड्यावर सराव करा.

आणि मग ते पेनासारखं टेस्टर, टोक लावलं की बीप वाजतो. हे यंत्र उष्णता किती भरभर पळते ते बघतं. हिरा उष्णता तांब्यापेक्षाही कितीतरी पट भरभर वाहून नेतो, काच आणि सीझेड त्याच्या जवळपासही येत नाहीत, म्हणून सीझेड पकडायला हे यंत्र छान आहे. पण मॉइसनाइटवरही ते हिरा म्हणूनच बीप देतं. म्हणून पुढे वीज वाहते का तेही बघणारी यंत्रं आली, कारण मॉइसनाइट थोडी वीज वाहून नेतं, तरी काही मॉइसनाइट इतकं कमी वाहतं की तिथूनही निसटतं. बॅटरी उतरलेली, खडा अगदी बारीक, टोक चुकून चिमट्याच्या धातूला लागलं, की उत्तर चुकलंच. आणि लॅबमधला हिरा हा हिराच असल्यामुळे टेस्टरला तो खाणीतला हिराच वाटणार. नुसत्या एका बीपवर व्यवहार करू नका, कळकळीने सांगतोय.

काय करू नये हे सांगताना मला थोडा राग येतो कारण चांगले खडे असेच वाया जातात. काचेवर ओरखडा काढून बघू नका, ७ कठीणतेचा स्फटिकसुद्धा काचेवर ओरखडा काढतो, त्यातून कळलं काय? हातोडीने मारून बघू नका, हिरा कठीण आहे, अतूट नाही, त्याला चार दिशांनी सरळ चिरायच्या जागा आहेत आणि योग्य कोनात फटका बसला तर तो दुभंगतो, टोपाझलाही अशी एक दिशा आहे. तापवून पाण्यात टाकू नका. हिरा म्हणजे कार्बन, उघड्या हवेत फार तापला तर पृष्ठभाग जळून दुधाळ होतो, आणि आतल्या भेगा कशानेतरी बुजवलेल्या असतील तर ते भरण वितळून बाहेर येतं. फुंकर मारून वाफ किती लवकर उडते ते बघणं निरुपद्रवी आहे, करा हवं तर, पण त्यातून काही सिद्ध होत नाही.

खड्याचा इतिहास माहीत असेल तर तोही पुरावा आहे. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ वेर्नुई यांच्या भट्टीतून सिंथेटिक माणिक १९०२ पासून आणि नीलम त्यानंतर काही वर्षांत, सीझेडचं व्यापारी उत्पादन १९७६ पासून, मॉइसनाइट १९९८ च्या सुमारापासून. म्हणजे खडा १९५० च्या दागिन्यातून निघालाय हे पक्कं असेल तर तो सीझेड असू शकत नाही, अर्थात मध्ये कोणी खडा बदलला नसेल तर. तेव्हाच्या नकली खड्यांत काच, झिरकॉन, सिंथेटिक नीलम आणि स्पिनेल जास्त. जुन्या पद्धतीच्या कटचा हिरा असेल तर वरून बघताना मधोमध एक छोटं वर्तुळ दिसतं, कारण तळाचं टोक सपाट कापलेलं असायचं. असा खडा सापडला तर कोणाच्याही सांगण्यावरून तो नव्या पद्धतीने पुन्हा कापून घेऊ नका, जुन्या कटचे चाहते वेगळे आहेत आणि कापल्यावर वजन जातं ते परत येत नाही.

सगळ्या खुणा हिऱ्याकडे बोट दाखवतायत, मग उरतो सगळ्यात अवघड प्रश्न, खाणीतला की लॅबमधला. जनरल इलेक्ट्रिकने प्रयोगशाळेत हिरा बनवल्याचं १९५५ मध्ये जाहीर केलं, दागिन्यात शोभेल असे खडे बनायला अजून दीड दशक गेलं, आणि आता दोन पद्धतींनी ते सर्रास बनतात, एचपीएचटी म्हणजे प्रचंड दाब आणि उष्णता देऊन, आणि सीव्हीडी म्हणजे वायूतून थरावर थर चढवून. दोन्ही खरे हिरे. लूप, वजन, टेस्टर, कशानेही फरक कळत नाही. यंत्रं फरक शोधतात तो असा: बहुतेक नैसर्गिक हिऱ्यांत नायट्रोजनचे अणू असतात आणि जमिनीखाली इतका दीर्घ काळ उष्णतेत गेल्यामुळे ते एकत्र गोळा झालेले असतात. लॅबमध्ये तेवढा वेळच मिळत नाही, आणि तिथले बिनरंगी हिरे बहुतेक नायट्रोजनविरहितच असतात. मग यंत्र गोळा झालेला नायट्रोजन दिसला की खडा नैसर्गिक म्हणून पास करतं आणि नाही दिसला की खडे तपासणाऱ्या लॅबकडे पाठवा म्हणतं, कारण दोन टक्क्यांहून कमी नैसर्गिक हिरेही नायट्रोजनविरहित असतात आणि त्यांच्यावर अन्याय नको. हे घरी होणारं काम नाही. घरी एवढंच करता येतं की गर्डलवर लेझरने कोरलेला नंबर लूपमधून शोधायचा, सापडला तर तो देणाऱ्या तपासणी लॅबच्या वेबसाइटवर रिपोर्ट उघडायचा आणि त्यातलं वजन, मापं, आतल्या खुणा आपल्या खड्याशी एकेक करून ताडून बघायच्या. नंबर जुळला म्हणून थांबू नका, नैसर्गिक हिऱ्याचा नंबर लॅबमध्ये बनवलेल्या हिऱ्यावर कोरलेले खडे तपासणाऱ्या लॅबनी पकडलेले आहेत.

आता किंमत. हिऱ्याची प्रत ठरवायची चौकट चार गोष्टींची, वजन, रंग, स्वच्छता, कट, आणि जीआयए म्हणजे अमेरिकेतल्या जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूटने, जी १९३१ मध्ये सुरू झाली, ती जगभर रुजवली. रंगाची पट्टी डी अक्षरापासून, म्हणजे अगदी बिनरंगी, झेडपर्यंत, म्हणजे पिवळसर. ए पासून का नाही, तर जुन्या काळी व्यापारी आपापल्या परीने ए, डबल ए असं काहीही लावायचे, त्यांच्याशी घोळ नको म्हणून डी. स्वच्छतेचे ११ दर्जे, फ्लॉलेस म्हणजे निर्दोष इथपासून आय३ म्हणजे सगळ्यात सदोष इथपर्यंत, आणि ते दहापट लूपखाली काय दिसतं त्यावर. कटचा दर्जा जीआयए २००६ पासून गोल ब्रिलियंटला देते, आणि माझ्या मते हाच दर्जा सगळ्यात दुर्लक्षित आणि सगळ्यात महत्त्वाचा, कारण रंग डी असलेला पण खोल, बेढब कापलेला हिरा मंद दिसतो आणि एच रंगाचा नीट कापलेला पाणीदार हिरा त्याच्यापेक्षा उठून दिसतो.

वजनाचा हिशोब सरळ रेषेत चालत नाही. दर कॅरेटमागे असतो आणि वजन वाढलं की तो दरही वाढतो, म्हणून २ कॅरेटचा एक हिरा त्याच प्रतीच्या एकेक कॅरेटच्या दोन हिऱ्यांपेक्षा महाग. व्यापारात घाऊक दरांसाठी रॅपापोर्टची यादी आधाराला घेतात, त्यात वजनाचे कप्पे आहेत, ०.९० ते ०.९९, १.०० ते १.४९, १.५० ते १.९९, पुढे २ पासून. कप्पा बदलला की दर उडी मारतो. आपला १.९२ चा खडा हिरा निघाला आणि कडेला टवका उडालेला आहे, तो घासून काढताना १.८० वर आला तर कप्पा तोच राहतो, फक्त वजनापुरतं नुकसान आणि बदल्यात स्वच्छ कड. पण खडा १.५२ चा असता आणि १.४६ वर आला असता तर सगळ्या वजनाचा दरच खाली घसरला असता. म्हणून टवका दुरुस्त करायच्या आधी हा हिशोब कागदावर मांडा. आणि ही यादी नैसर्गिक हिऱ्यांच्या आधारभावाची आहे, प्रत्यक्ष सौदे बहुतेक त्याच्या खालीच होतात. लॅबमधल्या हिऱ्यांच्या किंमती गेल्या दहा वर्षांत खूप घसरल्यात, त्यांना ही यादी लावून मनात आकडा धरला तर निराशाच पदरी येईल.

हिरा नाही निघाला तर? नैसर्गिक पांढरा नीलम असेल तर काहीतरी किंमत आहे, मोठा आणि स्वच्छ असेल तर बरी, पण सिंथेटिक पांढरा नीलम अगदी स्वस्त, आणि दोघांत फरक सांगायला आतल्या खुणाच लागतात, नैसर्गिकात सुयांसारखे रेशमी धागे किंवा बोटाच्या ठशासारखे पडदे, सिंथेटिकात बुडबुडे. पांढरा टोपाझ निसर्गात भरपूर सापडतो, बाजारातला निळा टोपाझ बहुतेक त्यालाच किरणोत्सर्गाचा मारा आणि उष्णता देऊन बनवलेला असतो, त्यामुळे पांढऱ्याला दर कमीच. स्फटिक आणि सीझेड यांच्यासाठी लॅबची फी भरण्यात अर्थ नाही, फी खड्यापेक्षा जास्त होईल. नैसर्गिक झिरकॉन मात्र मला वाटतं फार कमी लेखलेला खडा आहे, झळाळीत तो हिऱ्याच्या बराच जवळ जातो, नावामुळे बिचारा मागे राहिला.

आणि किंमत हा एकच आकडा नसतो, हे समजलं नाही की लोकांना फसवल्यासारखं वाटतं. हरवला तर तसाच नवीन घ्यायला किती लागतील, हा विम्याचा आकडा, सगळ्यात मोठा. दोन माहितगार माणसांनी घाई न करता सौदा केला तर कितीला होईल, हा बाजारभाव, तो त्याहून कमी. आणि आजच्या आज व्यापाऱ्याला विकायचा तर किती, हा सगळ्यात लहान, कारण त्याला पुढे विकून नफा काढायचाय आणि तोवर पैसे अडकवायचेत. एकाच खड्याचे हे तिन्ही आकडे एकाच दिवशी खरे असतात. म्हणून मूल्यांकनाचा कागद हातात घेताना आधी वाचा की तो कशासाठी केलाय. लॅबच्या रिपोर्टवर मात्र किंमत नसतेच, तो फक्त खडा काय आहे आणि कुठल्या प्रतीचा आहे ते सांगतो. किंमत काढणारा माणूस वेगळा, आणि तो असा बघा की जो ठरलेली फी घेतो, किंमतीवर टक्केवारी घेत नाही, आणि स्वतः खडा विकत घ्यायला उत्सुक नसतो.

खडा कोणाच्याही हातात द्यायच्या आधी त्याचं वजन दोन दशांशापर्यंत, तीन मापं, आणि लूपमधून दिसणारी एखादी ठळक खूण, म्हणजे टेबलच्या डाव्या बाजूला काळा ठिपका किंवा गर्डलवर टवका, असं एका कागदावर लिहून घ्या, समोरच्यालाही पावतीवर तेच लिहायला सांगा, आणि खडा परत मिळाला की तिथेच उभं राहून पुन्हा वजन करा आणि ती खूण लूपमधून शोधा. मग तो एकटा वेगळ्या पुडीत ठेवा, हिऱ्याने हिऱ्यावरही ओरखडा पडतो, आणि पुडीवर वजन, मापं आणि तारीख लिहून टाका.